जुन्या मायक्रोस्कोपला एलईडी किट बसवलं, 6 महिने वापरून सांगते

मी गोव्यात फोंड्याजवळ हायर सेकंडरीत बायो शिकवते. लॅबमधला बायनोक्युलर (दोन डोळ्यांनी बघायचा) मायक्रोस्कोप जुना आहे, 6 व्होल्ट 20 वॅटचा हॅलोजन. बल्ब सारखा उडायचा, आणि तासभर चालू ठेवला की स्लाइडवरचं पाणी कडेने सुकत यायचं, पॅरामेशियम (पाण्यातला एकपेशीय जीव) दाखवेपर्यंत मेलेलं.

आधी मी स्वस्तातला, त्याच पिनांचा एलईडी बल्ब घेतला, कणसासारखे चहूबाजूंनी दाणे असलेला. उजेड भरपूर पण चित्र कसलं तरीच. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून नळीतून डोकावले तर ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडकडच्या भिंगाच्या) मागे एकसारख्या उजेडाऐवजी सुटे सुटे टिपके. ऑगस्ट कोहलरने 1893 साली दिव्याची मांडणी सांगितली ती याच कारणासाठी की दिव्याचा आकार चित्रात उतरू नये.

मग एकच चिप असलेलं किट मागवलं, 1800 रुपयांना. याने खरंच फरक पडला. परवा खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीजवळून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळून, पाणी आणलं होतं, 40च्या ऑब्जेक्टिव्हखाली एका डायटमच्या (सूक्ष्म शैवालाच्या) कवचावरच्या बारीक रेघा मोजता आल्या, मुलं रांग लावून बघत होती. पाणी सुकत नाही आणि उजेड कमी केला तरी हॅलोजनसारखा पिवळा पडत नाही.

आता खटकलेलं. डिमर खाली आणला की मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात, कारण उजेड कमी करायला ते एलईडी झपाझप चालू-बंद करतात. फुल ठेवला की पट्टे गायब, मग डोळ्याला जास्त होतो म्हणून मी न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) टाकते. कंडेन्सरचं आयरिस (स्लाइडखालच्या भिंगाचं लहान-मोठं करता येणारं छिद्र) मात्र उजेड कमी करायला बंद करू नका प्लीज, कॉन्ट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो पण बारीक तपशील जातो, मुलांना मी दरवेळी हेच सांगते.

दुसरं म्हणजे रंग. पांढऱ्या एलईडीत निळा जास्त, निळ्या-हिरव्याच्या मधे खड्डा आणि गडद लाल कमी, त्यामुळे रंगवलेल्या स्लाइडचा गुलाबी मला जरा थंड वाटतो. फोटो काढताना व्हाइट बॅलन्स नव्याने लावा, तेव्हा बराच सुधारतो. हॅलोजनच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, तिथे पिवळेपणा घालवायला निळा फिल्टर टाकून काम भागतं.

पाण्यातले जीव, कांद्याचा पापुद्रा यांना हे किट बिनधास्त घ्या. रंगवलेल्या स्लाइडसाठी मी हॅलोजनचे दोन बल्ब अजून कपाटात ठेवलेत.