सात महिने पॅलिओ : मटणापासून शेवळांपर्यंत

संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून पॅलिओ सुरू केलं. आता ऑगस्ट सरत आलाय. वय ४६, राहायला बदलापूर. डिसेंबरच्या तपासणीत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलं होतं आणि वजन ७८ किलो. वडिलांचा मधुमेह घरात जवळून पाहिलाय, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

नियम सोपे आहेत. शेती सुरू होण्याआधी माणूस जे शिकार करून, गोळा करून खात होता, तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालतं. धान्य, कडधान्य, दूध, साखर बंद. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी १९८५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून डॉक्टरमंडळीही या आहाराबद्दल बोलू लागली.

भाकरी सुटेल का, ही धास्ती होती. ती तीन आठवड्यांत सुटली. सुटेना तो शेंगदाणा. तो शेंगेतला, म्हणजे कडधान्यांच्या घरातला, म्हणून वर्ज्य. आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाच्या बटाट्यात कूट, आणि फोडणीचं तेलही शेंगदाण्याचंच. सासूबाई म्हणाल्या, "कुटाशिवाय भरलं वांगं कसलं गं?" शेवटी सुकं खोबरं अर्धी वाटी आणि तीळ दोन चमचे, वेगवेगळे खमंग भाजून जाडसर कुटून ठेवायला लागले. वांग्याला ते इतकं छान लागतं की आता सासूबाईही तेच मागतात. तेल खोबऱ्याचं आणलं. मीठ सोडायला सांगतात, ते मी सोडलं नाही.

पहिले बारा-तेरा दिवस डोकं दुखायचं. दुधाचा चहा बंद केल्याचा तो परिणाम असावा. मग एक दिवस लक्षात आलं, की दुपारी तीनला डोळे मिटत नाहीत आणि बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही. मेपर्यंत वजन ७१ वर आलं, एचबीए१सी ५.८. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

पण त्याच कागदावर खाली एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल होतं. १२१ वरून १५८. डॉक्टरांनी काय खाता विचारलं. मी सांगितलं, रोज चार अंडी आणि आठवड्यातून तीनदा मटण, चार्टमध्ये लिहिलं होतं तसं. ज्या आहारतज्ज्ञांकडून साडेचार हजार देऊन मी तो चार्ट घेतला, त्यांनी घरात कुणाला हृदयविकार आहे का, एवढंही विचारलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाची पन्नाशीत अँजिओप्लास्टी झाली आहे. याचा राग मला अजून आहे. शिवाय पोट साफ होत नव्हतं, आणि महिन्याचा किराणा-बाजार नऊ हजारांवरून चौदावर गेला होता.

मग मी स्वतः वाचायला बसले. टांझानियातले हाड्झा लोक आजही बऱ्याच अंशी शिकार आणि वेचणीवर जगतात. त्यांच्या खाण्यात शिकारीइतकेच कंद, रानफळं, गोरखचिंचेची फळं आणि मध असतो. उलट ध्रुवाजवळचे इन्युइट सील आणि माशांवर जगत आले. आदिमानवाचं एकच एक ताट नव्हतंच. माझ्या चार्टमध्ये शिकार भरपूर होती, वेचणी जवळजवळ नव्हती.

जूनच्या पहिल्या पावसात स्टेशनजवळ रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडे थांबले. टोपलीत शेवळांच्या जुड्या होत्या आणि शेजारी हिरव्या गोळ्यांसारखी काकडाची फळं. मी नुसती शेवळं उचलली तशा त्या म्हणाल्या, "काकड घे गं बाय, नायतर घसा खाजंल." बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून खोबरेल तेलात भरपूर परतायचं आणि काकड ठेचून त्याचा आंबट रस घालायचा. मी सोडे घालून केली. शेवळांत सुरणासारखे टोचरे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. त्यावर हाच उतारा असं कुणीतरी कधीतरी चाखून, सोसून शोधलं असणार. सात महिन्यांत आदिमानवाच्या जेवणाच्या सर्वांत जवळ मी त्या दिवशी गेले, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हापासून टाकळा, कुरडू, करटोली, मग सुरण, रताळी असं चाललंय. अंडी दोन, मटण पंधरवड्यातून एकदा, बाकी बांगडा आणि मांदेली. मांदेली काट्यासकट खाते, दूध नसल्यामुळे कॅल्शियमची काळजी आहेच. पोटाची तक्रार पंधरा दिवसांत गेली.

श्रावण आला आणि घरात सामिष बंद. कडधान्यही नाही आणि मासेही नाहीत, मग खायचं काय? इथे मी नियम मोडला, आणि विचार करून मोडला. गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो इथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव-गव्हाचे दाणे आणि ते दळायचा दगड सापडलाय. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा! मग वाटीभर मुगाचं वरण आणि एक नाचणीची भाकरी मी परत सुरू केली. साखर, मैदा, बिस्किटं, फरसाण परत येणार नाहीत. गेल्या आठवड्यात एलडीएल १२९ आलं, वजन ७१ वरच आहे. एचबीए१सी सप्टेंबरात करणार आहे.

कुणी सुरू करणार असाल तर आधी लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि किडनीची तपासणी करून घ्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांस वाढवू नका. आणि जवळच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांशी बोला. मावशी म्हणाल्या, दिवाळीच्या सुमारास करांदे (रानकंद) येतील. दोन किलो आत्ताच सांगून ठेवलेत.