हातानं ढकलायचा रील मोव्हर: हरळीच्या लॉनवर वर्षभर वापरून काय वाटलं

रील मोव्हर, म्हणजे फिरत्या रुळावरच्या पात्यांनी गवत कापणारं यंत्र, घेऊ का नको असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते. लॉन बारीक पानाच्या उन्हाळी गवताचं असेल, म्हणजे बर्म्युडा (हरळी, दूर्वा म्हणतो तीच) नाहीतर झोयसिया, आणि जागा फार मोठी नसेल तर बिनधास्त घ्या. पण आठवड्यातून एकदा आणि गवत जोरात असताना दोनदा ढकलायची तयारी असेल तरच. या मशीनला उशीर अजिबात चालत नाही.

माझा आहे तो पाच पात्यांचा, साधारण ४० सेंटीमीटर कापतो, मोटर नाही, बॅटरी नाही, वायर नाही. चाकं फिरली की आतल्या गिअरमुळे मधला रूळ फिरतो, त्यावरची वळणदार पाती गवत ओढून खालच्या स्थिर पट्टीवर आणतात आणि तिथे ते कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. नेहमीच्या रोटरी मोव्हरमध्ये एक आडवं पातं जोरात फिरतं आणि फटका मारून गवत तोडतं, धार चांगली असेल तर ठीक, पण बोथट झाली की पानांची टोकं फाटतात आणि एकदोन दिवसांत अख्ख्या लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक येते, खत कमी पडलं की रोग आला असं वाटत राहतं आणि कारण असतं फक्त पातं. रीलनं कापलेल्या लॉनवर ती झाक येत नाही, आणि हा फरक फोटोत नाही, समोर उभं राहूनच कळतो. जगातला पहिला मोव्हरसुद्धा रीलच होता बरं का, इंग्लंडमधल्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये बनवला, लोकरी कापडावरची लव एकसारखी छाटायचं गिरणीतलं यंत्र बघून.

आता उन्हाळी गवताला हाच का. ही गवतं जमिनीलगत आडवी खोडं पसरवत वाढतात, प्रत्येक पेराला मुळं आणि नवे फुटवे, त्यामुळे खूप खाली कापलं तरी तक्रार करत नाहीत, उलट दाट होतात. उंच ठेवली तर हिरवी पानं फक्त वर आणि खाली काड्याच काड्या, मग एक दिवस कापलं की खालचं पिवळं उघडं पडतं. हायब्रीड बर्म्युडा १ ते २.५ सेंटीमीटरवर ठेवतात, साधी हरळी २.५ ते ४, झोयसिया २.५ ते ५. अडीचच्या खाली गेलं की रोटरी जमीन खरवडते, रील मात्र तिथेच खुलतो.

पण मग गणित बघा. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही हा नियम सगळ्या गवतांना लागू. २ सेंटीमीटरवर ठेवायचं असेल तर ३ झालं की कापायलाच हवं, आणि भर उन्हात पाणी-खत मिळालेली बर्म्युडा तेवढी तीनचार दिवसांत वाढते. दोन आठवडे बाहेरगावी गेलात आणि गवत सहासात सेंटीमीटर झालं तर रील ते कापत नाही, पुढच्या पुढे आडवं पाडतो आणि तुम्ही गेलात की ते परत उभं. तुऱ्याच्या कडक काड्यांचंही तसंच. मग उंची वाढवून एकदा कापा, दोनतीन दिवस थांबा, मग खाली आणा. ज्यांना महिन्यातून दोनदाच वेळ मिळतो त्यांनी हे मशीन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षभरात मशीनची खरी परीक्षा होते ती थंडी संपताना. थंडीत हे गवत तपकिरी होऊन झोपतं, मेलेलं नसतं, आणि जमिनीत १० सेंटीमीटर खोलीवर तापमान १८ अंशांच्या आसपास गेलं की परत हिरवं व्हायला लागतं. दहिवराची, म्हणजे दव गोठायची भीती गेली की त्या सुमारास एकदा खाली कापून जुना वाळका थर काढायचा असतो, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचतं आणि हिरवं लवकर येतं. हे काम रीलला जड जातं. वाळकं गवत रुळात गुंडाळलं जातं, दर दोन फेऱ्यांना थांबून काढावं लागतं. उंची टप्प्याटप्प्यानं कमी करत दोनतीन वेळा फिरवलं तर होतं, पण खरं सांगू, या एका दिवसासाठी कुणाची रोटरी मागून आणा आणि काढलेला कचरा उचलून टाका.

आणि पहिली हिरवी टोकं दिसली म्हणून लगेच खताची गोणी उघडू नका प्लीज! लॉन पूर्ण हिरवं होऊन एकदोनदा कापून झालं की मग नत्र द्या. एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र पुरे, युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणजे साधारण ११ ग्रॅम युरिया, कोरड्या पानांवर टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं नाहीतर पानं करपतात. रीलचा इथे एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. वारंवार कापल्यामुळे तुकडे इतके बारीक पडतात की उचलायची गरज नाही, ते तिथेच कुजतात आणि वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा पाव भागापर्यंत हिस्सा परत देतात. सोबत येते ती गवत गोळा करायची पिशवी मी वापरतच नाही. अशा तुकड्यांमुळे लॉनखाली गादी तयार होते असं बरेच जण म्हणतात, तसं नाही, ती गादी मुख्यतः आडवी खोडं आणि मुळं यांची बनते, जास्त खत आणि जास्त पाण्यानं वाढते. ती सव्वा सेंटीमीटरच्या वर गेली की रील चालवताना लगेच कळतं, चाकं आत दबतात आणि कट लाटालाटांचा येतो. तेव्हा गवत पूर्ण जोरात असताना, झोपेत असताना नाही, ती उभी चिरून काढायची किंवा जमिनीला भोकं पाडायची.

पाण्याचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात पावसासकट आठवड्याला साधारण २.५ सेंटीमीटर, तेही एकदोन वेळातच, रोज शिंपडून मुळं वरच राहतात. लॉनवरून चाललात आणि पावलं तशीच उमटून राहिली, रंग निळसर-राखाडी वाटला, की पाण्याची वेळ झाली. कापायच्या आधी मात्र पाणी नको, ओल्या गवतावर चाकं घसरतात, चाक घसरलं की रूळ थांबतो आणि गवत तसंच राहतं. सलग पावसाचे दिवस या मशीनला सगळ्यात वाईट. उघडीप मिळाली, पानं सुकली की पहिलं काम तेच, उंची एक खाच वर ठेवून.

जमीन सपाट नसेल तर रील ते लपवत नाही, प्रत्येक उंचवटा सोलला जातो. गवत जोमात असताना बारीक वाळूचा पातळ थर देऊन खड्डे हळूहळू भरायचे, पानांची टोकं वर दिसली पाहिजेत. पण मग काही दिवस पाणी देऊन वाळू खाली बसू द्या, त्याआधी रील फिरवला तर धार गेलीच म्हणून समजा.

थंडी जवळ आली की उंची थोडी वाढवते, आणि पहिल्या दहिवराच्या सहाएक आठवडे आधी नत्र बंद. जिथे कडक थंडी नसते तिथे गवत पूर्ण झोपत नाही, अधूनमधून कापावं लागतं. जिथे झोपतं तिथे मशीन आत ठेवायचं, तोच धारेचा काळ. बाजारात मिळणारी धारेची पेस्ट पात्यांना लावायची आणि हँडल जोडून रूळ उलटा फिरवायचा, पाती आणि खालची पट्टी एकमेकांवर घासून बसतात. माझ्या मशीनसोबत ते हँडल आलं, सगळ्यांसोबत येत नाही. नंतर पातं-पट्टीतलं अंतर लावायचं, पातळ कागद मध्ये धरून रूळ हातानं फिरवला की कागद पूर्ण रुंदीवर स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका कोपऱ्यात दुमडला तर त्या बाजूचा स्क्रू अगदी पाव फेरा आवळा. जास्त आवळलात तर ढकलायला जड होतं, कर्कश आवाज येतो आणि धारही लवकर झिजते. हे काम शांतपणे करायचं, आणि बोटं लांब.

न आवडलेलं म्हणजे उंची बदलायला दोन्ही बाजूंना वेगळे बोल्ट आहेत, एक जरी खाच चुकली तर लॉन तिरकं कापलं जातं, कंपनीनं एकच लिव्हर द्यायला हवा होता. चाकं पात्यांच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे भिंतीलगतची पट्टी राहते, ती वेगळी कात्रीनं कापावी लागते. आणि एखादी बोटभर काडी आली की रूळ जागच्या जागी अडकतो, म्हणून आधी लॉनवरून एक चक्कर मारून काड्या, खडे उचलून टाकते.

सेंट ऑगस्टीनसारखं रुंद पानाचं गवत असेल तर ते ६ ते १० सेंटीमीटरवर ठेवायचं असतं, त्याला धार चांगली असलेली रोटरीच बरी. बाकीच्यांनी घेण्याआधी दुकानदाराला खालची पट्टी सुटी मिळते का ते विचारा. पेस्टनं धार लावता येते पण ती पट्टी शेवटी झिजतेच, आणि ती बदलून मिळत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.