सोनी २० एमएम एफ/१.८ जी लेन्स, दीड वर्ष वापरल्यावर

माझ्या आधीच्या वाईड लेन्सने आकाशगंगा काढली की कोपऱ्यातले तारे पक्ष्यांसारखे यायचे. खरंच सांगतो, फोटो मोठा करून बघितला की एकेका ताऱ्याला दोन पंख आणि मध्ये बारीक चोच. मोबाईलवर काही कळायचं नाही, तिथे सगळे वा वा करायचे, पण एकदा रतनगडावरचा एक फोटो हौसेने मोठा प्रिंट करून हॉलमध्ये लावला आणि शेजारचे काका चष्मा वर करून अगदी भिंतीला नाक लावून म्हणाले, "अरे रात्रीचे बगळे कुठून आले रे?" त्या दिवसापासून तो फोटो माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. ह्या प्रकाराला कोमा म्हणतात, मोठ्या अपर्चरच्या (उजेड आत घेणारं भोक मोठं असलेल्या, एफ/ पुढचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) वाईड लेन्सची ही जुनी दुखणी, मधला भाग झकास आणि कडेला बगळे. ती लेन्स कुठल्या कंपनीची ते सोडा, विकून टाकली.

तर आता जी घेतली ती सोनीची एफई २० एमएम एफ/१.८ जी. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेली लेन्स आहे म्हणजे नवीन माल नाही, आणि मी तर सेकंडहँड घेतली कारण नव्या डब्याचे पैसे देण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही. कॅमेरा सोनीचाच ए७ थ्री. मी प्रोफेशनल वगैरे नाही, नाशिकला नोकरी करतो, सुट्टी मिळाली की भंडारदरा, हरिश्चंद्रगड, अकोले बाजूला पळतो, त्यामुळे हा रिव्ह्यू रात्रीचे फोटो काढणाऱ्या आणि सामान स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्या माणसाचा आहे असं समजून वाचा.

वजनापासूनच सुरू करतो कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. लेन्स ३७३ ग्रॅम, बॉडी ६५०, म्हणजे दोन्ही मिळून किलोच्या जरा वर. फिल्टर ६७ एमएमचा, पुढची काच फुगीर नाही, साधा गोल फिल्टर फिरवून बसतो. ज्यांनी ती बटाट्यासारखी पुढे आलेली काच असलेली वाईड लेन्स घेऊन खडकातून वर चढलंय त्यांना ह्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मी पूर्वी गड चढताना "जाऊदे आज नको" म्हणून लेन्स गाडीत ठेवायचो आणि वर गेल्यावर आकाश असं काही उघडायचं की कपाळावर हात मारून घ्यायचो. ही मात्र प्रत्येक वेळी वर जाते.

आता एफ/१.८ चा खरा फायदा. बऱ्याच लोकांना वाटतं मोठं अपर्चर म्हणजे मागचं ब्लर. अहो २० एमएमला कसलं ब्लर! माणूस दोन मीटरवर उभा असेल तर एफ/१.८ लाही साधारण एक मीटर अठ्ठावन्न सेंटीमीटरपासून पावणेतीन मीटरपर्यंतचं सगळं शार्पच दिसतं, त्यामुळे पोर्ट्रेटमध्ये क्रीमसारखं बॅकग्राऊंड हवं असेल तर ही लेन्स घेऊच नका, वाईट वाटेल. इथे मोठं अपर्चर म्हणजे वेळ विकत घेणं. एफ/२.८ च्या मानाने एफ/१.८ ला जवळजवळ २.४ पट उजेड आत येतो. म्हणजे आधी आयएसओ (सेन्सरचा उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, वाढवला की फोटोत दाणे येतात) ६४०० ला जो फोटो मला २५ सेकंदांत मिळायचा तोच आता तेवढ्याच आयएसओला साधारण १० सेकंदांत मिळतो, आणि हे पंधरा सेकंद फार मोठे असतात हो, कारण पृथ्वी फिरतेय. ५०० चा नियम सगळ्यांना पाठ असतो, ५०० ला लेन्सच्या एमएमने भागलं की ताऱ्यांची रेघ न होता किती सेकंद चालतील ते कळतं, ५०० भागिले २० म्हणजे २५ सेकंद चालतील, पण तो नियम फिल्मच्या जमान्यातला. माझ्या कॅमेऱ्यासारख्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर) २० एमएमने काढताना तारा साधारण चार सेकंदांत एक पिक्सेल सरकतो. २५ सेकंद म्हणजे सहा पिक्सेलची रेघ, आणि १० सेकंद म्हणजे अडीच पिक्सेल, जी कोणाच्या बापाला दिसत नाही. जास्त मेगापिक्सेलची बॉडी असेल तर ह्याहून कमी वेळ ठेवावा लागेल.

कोमाचं मी काय केलं सांगतो. लेन्स आली त्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो, शहराचा उजेड असला तरी मोठे तारे दिसतातच, एक ठळक तारा पकडून आधी फ्रेमच्या मधोमध ठेवला, मग ट्रायपॉडचं डोकं फिरवत फिरवत चारही कोपऱ्यांत नेला आणि प्रत्येक ठिकाणी १.८, २, २.५, २.८ असे फोटो काढले. वॉचमन दोनदा वर येऊन बघून गेला. घरी येऊन शंभर टक्के झूम केलं. एफ/१.८ ला मध्यापासून बऱ्याच बाहेरपर्यंत तारा म्हणजे ठिपका, आणि अगदी टोकाच्या कोपऱ्यात बारीकशी शेपटी, पंख नाहीत. २.५ ला तीही मला शोधावी लागली. चारही कोपरे सारखे निघाले हे मला जास्त आवडलं, कारण सेकंडहँड लेन्स कधी आपटलेली असली तर एक कोपरा हमखास मऊ पडतो आणि तो दिवसाच्या फोटोत लपून जातो, ताऱ्यांत लपत नाही. तुम्ही वापरलेली लेन्स घेणार असाल तर दुकानात कॅलेंडरचा फोटो काढून खूश होऊ नका, एवढं गच्चीवरचं नाटक कराच. आणि टॉर्च मारून काचेत बुरशी बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात हा रोग फार.

कडा काळवंडणं आहे. एफ/१.८ ला कोपरे मधल्यापेक्षा चांगलेच गडद येतात, रॉ फाईल (कॅमेऱ्याने न सजवलेला कच्चा फोटो) कॉम्प्युटरवर उघडल्यावर प्रोफाईलचा, म्हणजे लेन्सचे दोष आपोआप सुधारण्याचा, टिक काढून बघा म्हणजे कळेल, एवढ्या लहान आकारात एवढी मोठी काच बसवली की हे होणारच. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच उजळवतो. पण लक्षात ठेवा, उजळवणं म्हणजे कोपऱ्याचा आयएसओ वाढवल्यासारखंच आहे, तिथे दाणे जास्त दिसणार. मी आकाशाच्या फोटोत प्रोफाईल अर्ध्यावर ठेवतो, कडा थोड्या गडद राहिल्या तर उलट बरं दिसतं. एफ/२.८ ला हा त्रास खूप कमी होतो.

आता काजवे. मे संपत आला, पाऊस यायच्या आधी, की अकोले तालुक्यात पुरुषवाडी आणि भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात, आणि माझ्यासाठी ह्या लेन्सची खरी परीक्षा तीच होती. काजव्याचा उजेड क्षणभराचा, आयएसओ भरमसाट वाढवून काढला तर फोटोभर दाणे, त्यामुळे अपर्चर जेवढं मोठं तेवढा प्रत्येक ठिपका ठसठशीत. पद्धत अशी की संधिप्रकाश असतानाच ट्रायपॉड लावायचा, फोकस करायचा, झाडाचा एक नीट फोटो काढून ठेवायचा आणि मग कशालाही हात न लावता अंधार पडल्यावर पंधरा-वीस सेकंदांचे फोटो काढत बसायचे, घरी येऊन एकावर एक चढवायचे. मी सत्तर-ऐंशी फोटो काढले. लांबच्या काजव्यांचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, आणि दोन-तीन शहाणे काजवे लेन्सच्या अगदी तोंडासमोरून गेले त्यांची मोठी मऊ हिरवट-पिवळी वर्तुळं झाली, मध्यभागी गोल आणि कडेला गेली तशी मांजराच्या डोळ्यासारखी चपटी. टेस्टवाले ह्याला दोष म्हणतील, मला तर फोटोतली तीच जागा आवडते. बाकी पर्यटकांच्या मोबाईलच्या टॉर्चनी वीसेक फोटो वाया गेले. टॉर्च मारला की काजवे बंद होतात हो दादा, किती वेळा सांगायचं.

त्याच रात्री माझी एक चूक झाली. लेन्सवर अपर्चरची रिंग आहे आणि बाजूला क्लिक (रिंग फिरवताना प्रत्येक आकड्याला होणारी टकटक) चालू-बंद करायचं बटण. व्हिडीओसाठी क्लिक बंद केलेला तसाच राहिला होता, अंधारात हात लागून रिंग सरकली आणि पुढचे फोटो एफ/३.५ च्या आसपास कुठेतरी निघाले, मी आपला विचार करतोय काजवे कमी का झाले! तेव्हापासून क्लिक कायम चालू.

मॅन्युअल फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, तिला शेवट नाही, फिरवत राहिलात तर फिरतच राहते. त्यामुळे फोकस लावून रिंगला चिकटपट्टी मारायची आपली जुनी युक्ती इथे कामाची नाही, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस पुन्हा तपासायचा. मी स्क्रीनवर तारा मोठा करून तो सगळ्यात बारीक होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवतो, सवय झाली की अर्धा मिनिट लागतं. दिवसा ह्याची गरजच नाही, ऑटोफोकस पटकन आणि बिनआवाजी. एफ/८ ला पावणेदोन मीटरवर फोकस ठेवला तर साधारण पाऊण-एक मीटरपासून पार डोंगरापर्यंत सगळं शार्प येतं, गर्दीत मी तसंच करतो.

गर्दीवरून आठवलं. आमच्याकडे सत्यनारायण होता, हॉल केवढा तर दहा बाय बारा, आणि मी म्हटलं वाईड आहे, सगळे येतील. आले सगळे. पण कडेला बसलेली मावशी फोटो बघून म्हणाली, "माझा दंड केवढा केलायस रे, कॅमेऱ्याला काय खायला घालतोस?" कडेचा माणूस आडवा ताणला जातो, हा ह्याच लेन्सचा दोष नाही, ९४ अंशांचं दृश्य सपाट फोटोत बसवायचं म्हटलं की कुठल्याही सरळ वाईड लेन्सला हे होतंच, सरळ रेषा सरळ ठेवायची किंमत आहे ती. म्हणून ग्रुप फोटोत कडेला बारीक पोरं आणि मधे मावश्या. आणि पहिल्या रांगेतल्या माणसाने लेन्सकडे वाकू नये, डोकं कलिंगडाएवढं होतं.

जवळचे फोटो हा अनपेक्षित बोनस निघाला. १९ सेंटीमीटरपर्यंत ऑटोफोकस होतो, पण ते मोजायचे सेन्सरपासून, म्हणजे लेन्सच्या तोंडापासून फूल नऊएक सेंटीमीटरवर. पावसाळ्याच्या शेवटी सोनकी फुलते तेव्हा पठारावर आडवा झोपलो, हूड (लेन्सच्या तोंडावरची झडप) काढून ठेवला कारण त्याची सावली फुलावर पडत होती, आणि एफ/१.८ ला काढलं तर पुढे एक पिवळं फूल पाकळीवरच्या थेंबासकट आणि मागे अख्खा कडा धुक्यात मऊ झालेला. वर म्हटलं ना की ब्लर मिळत नाही, तर एवढं जवळ गेलं की मिळतं. जवळून एफ/१.८ जरा मवाळ आहे, थेंबाच्या चमकत्या कडेला जांभळी-हिरवी झाक दिसते, २.८ केलं की जाते.

गोदाघाटावर रात्री दिव्यांचे फोटो काढायचे असतील तर एफ/११ करा, अपर्चरची पाती नऊ असल्यामुळे प्रत्येक दिव्याला अठरा किरण फुटतात, बारीक आणि रेखीव. ह्या लेन्सला स्वतःचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो न हलण्याची सोय) नाही, कॅमेऱ्याच्या बॉडीचं आहे त्यावर निभतं.

दुसरं काय घ्याल? सिग्माची २० एमएम एफ/१.४ आर्ट २०२२ ला आली, फक्त आणि फक्त आकाशच काढत असाल तर ती बघा, दीड पटीहून जास्त उजेड, शिवाय फोकस रिंग लॉक करायचा खटका आहे जो इथे असता तर मी पेढे वाटले असते. पण वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या वर आणि फिल्टर ८२ चा, म्हणजे फिल्टरचा खर्चही नव्याने. पाठ तुमची, हिशोब तुमचा. बजेट कमी असेल आणि रात्रीचं वेड नसेल तर टॅमरॉनची २० एमएम एफ/२.८ अवघी २२० ग्रॅमची आहे आणि फुलांच्या तर ह्याहूनही जवळ जाते. सोनीचीच २४ एमएम एफ/१.४ जीएम मित्राची वापरून बघितली, काच सुंदर आहे, मावशीसुद्धा कमी ताणली जाते, पण आकाशगंगा आणि खाली अख्खा गड एकाच उभ्या फोटोत घ्यायला मला २४ कमी पडली, दोन फोटो जोडावे लागले.

हॉलमधला तो बगळ्यांचा फोटो काढला शेवटी. तिथे आता काजव्यांचा आहे, आणि काका परवा पुन्हा नाक लावून उभे होते. ह्या वेळी त्यांना ती मोठी वर्तुळं सापडली, म्हणाले, "हे डाग पुसून काढ की रे, काचेवर तेल पडलंय."