जॉब आणि मेंटेनन्स एकाच बोर्डवर: आठ महिन्यांचा अनुभव

मी मशीन शॉपचं प्लॅनिंग बघतो. बोअरिंगचं (भोक मोठं आणि अचूक करायचं) मशीन एकच, आणि सगळे जॉब त्याच्यासमोर रांगेत. जॉब आणि पीएम (मशीन बिघडायच्या आधीच ठरवून केलेलं मेंटेनन्स) एकत्र लावून देणारं हे सॉफ्टवेअर आठ महिने रोज वापरतोय.

पूर्वी जॉब माझ्या एक्सेलमध्ये आणि पीएमची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायची. डिस्पॅचची घाई झाली की पीएम पुढे ढकलायचं. एकदा असं तीनदा ढकललं आणि स्पिंडलचं बेअरिंग ऐन रात्रपाळीत गेलं. इथे पीएम हाही जॉबसारखाच एक ठोकळा आहे. तो सरकवला की कुठला जॉब किती लांबतो ते लगेच दिसतं. शिवाय पीएम तारखेऐवजी मशीन चाललेल्या तासांवर लावता येतं, तेही '४८० ते ५२० तासांच्या मध्ये कधीही' असं. या सोयीसाठी मी याला मनापासून चांगलं म्हणेन.

आता तक्रार. मुळात हे सॉफ्टवेअर जॉब तोडतं, अर्धा पीएमआधी आणि अर्धा नंतर. बोअर अर्धवट सोडलं की पुन्हा डायल (मोजायचं घड्याळ) लावून सेंटर काढा, आणि एवढं करूनही भोकाच्या आत जोडावर पायरी राहतेच. 'जॉब तोडू नये' ही खूण आहे, पण सेटिंगमध्ये खूप आत. ती मला दीड महिन्याने सापडली.

खूण केल्यावर ऑटो प्लॅन (सॉफ्टवेअरने स्वतः लावलेला क्रम) छोटा जॉब आधी घेतो. मध्ये पीएम नसेल तर जॉब संपायच्या सरासरी वेळेसाठी हा नियम उत्तमच. संशोधक डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्येच तो सिद्ध केलाय. पीएम आलं की गणित बदलतं. समजा जॉब २, ३, ५ आणि ६ तासांचे आहेत आणि आठव्या तासाला दोन तासांचं पीएम आहे. ऑटो आधी २ आणि ३ लावतो, पाचचा बसत नाही म्हणून तीन तास मशीन रिकामं, आणि सगळं संपायला २१ तास. मी हाताने ३ आणि ५ आधी लावले. आठ तास गच्च भरले आणि १८ तासांत काम संपलं.

ऑपरेटरचा स्क्रीन सोपा आहे, मोबाईलवर मात्र अक्षरं बारीक.

घेणार असाल तर डेमोत हेच चार जॉब टाकायला सांगा, आणि १८ येतात की २१ ते बघा.