डोंगर गोधडीवर घेताना: मशीनचे ठिगळकाम की हाताचा धावदोरा?

प्रवासात पाहिलेला डोंगर किंवा तळे गोधडीवर घ्यायचे ठरवणाऱ्याला दोन पद्धतींतून निवड करावी लागते. एकीत रंगीत कापडाचे आकार कापून ते मशीनच्या दाट झिगझॅग टाक्याने वरच्या कापडावर बसवतात आणि नंतर वरचे कापड, मधला कापसाचा थर व अस्तर मशीननेच एकत्र टिपतात. दुसरीत जुन्या सुती साड्यांचे थर अंथरून हाताच्या धावदोऱ्यानेच चित्र उमटवतात. मी दोन्ही पद्धतींनी गोधड्या शिवल्या आहेत आणि आता बहुतेक वेळा सुई-दोराच हाती घेतो; तरीही मशीन सरसकट बाजूला ठेवावे, असे माझे म्हणणे नाही.

विषय पक्ष्यांचा असेल तर पारडे मशीनकडे झुकते. नाशिक जिल्ह्यातले, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथे हिवाळ्यात दिसणारे पुष्कळसे पक्षी दुरूनही नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतात. चमचा पक्ष्याची टोकाला पसरट झालेली चोच किंवा जांभळ्या पाणकोंबडीची लांब तांबडी बोटे कातरीने कापून बसवली, तर ती स्वच्छ उठतात आणि कडा दाट टाक्यात बंद झाल्यामुळे धुण्यातही टिकतात. धावदोऱ्याने काढलेली चोच मात्र चार हातांवरून पाहिली की विरून जाते.

मला मशीनपासून दूर नेले ते चुण्यांनी. घरगुती मशीनचे सुईखालचे दाते खालचे अस्तर पुढे ओढतात, तर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वरचे कापड किंचित मागे धरते. त्यामुळे सरळ टिपेतही थर हळूहळू एकमेकांवरून सरकतात, आणि डोंगराच्या वळणदार रेषेवर ही सरकलेली ढिलाई कोठेतरी साचून चुणीच्या रूपाने शिवली जाते. ती अस्तरावर असली तर शिवताना दिसतही नाही, गोधडी उलटी केल्यावर बोटाला लागते. त्यात जागेची अडचण वेगळीच. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीच्या मध्यावर काम करताना अर्धा, म्हणजे ३० इंचांचा पन्हा गुंडाळून सुई आणि मशीनचा खांब यांमधल्या जेमतेम सहा-सात इंचांत कोंबावा लागतो, बाकीचे ओझे टेबलाखाली लोंबत राहते आणि त्या ताणाने टाका कधी लहान तर कधी मोठा पडतो. चुणी उसवायला घ्यावी, तर जुन्या साडीच्या विरलेल्या पोतावर १६ किंवा १८ नंबरच्या सुईची भोके तशीच राहतात. वॉकिंग फूट नावाचा वेगळा जोडायचा पाय वरच्या थरालाही दात्यांबरोबर पुढे नेतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीव्र वळणावर दर दोन-तीन टाक्यांनी थांबून, फूट उचलून, ते सगळे बोचके फिरवावे लागते. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराची एक कड पूर्ण होईपर्यंत डोंगराविषयीचे माझे प्रेम बरेच आटलेले असते.

हातशिलाईत डावा हात अस्तराखाली असतो, त्यामुळे थर सरकू लागताच बोटांना कळते आणि चुणी पडण्यापूर्वीच कापड सारखे करता येते. शिवाय सह्याद्रीचा पोत धावदोऱ्याला फार मानवतो, असा माझा अनुभव आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांमुळे ब्रह्मगिरीच्या अंगावर काळ्या कातळाचे आणि गवताळ उताराचे आडवे पट्टे दिसतात. कातळासाठी गव्हाच्या दाण्याइतके अंतर ठेवून आणि गवतासाठी बोटभर अंतर ठेवून ओळी घातल्या, की दाट ओळींमध्ये कापड आवळले जाते, विरळ ओळींमध्ये फुगते, आणि दोराच्या एकाच रंगातही पट्टे वेगळे उठतात. हा परिणाम मला मशीनवर साधलेला नाही. इतरांना कदाचित साधत असेल. कच्चा धागा घातलेला लहान तुकडा पिशवीतून त्र्यंबकला नेता येतो, ही सोयही कमी नाही, कारण श्रावणातल्या उताराचा हिरवा दोरा घरातल्या दिव्याखाली निवडला तर तो हमखास चुकतो.

हाताच्या कामाला वेळ फार लागतो, हे वेगळे सांगायला नको. त्याहून खरी तक्रार अशी की मोठे टाके जोडव्यात अडकतात आणि लहान मुलांच्या पायाच्या बोटांत ओढले जातात, म्हणून रोज पायदळी येणाऱ्या गोधडीसाठी टाका बारीकच ठेवावा. सिंथेटिक साडी मध्ये घालू नये, ती घसरते. लाल व गडद निळ्या सुती साड्यांवर ओले पांढरे फडके दाबून रंग सुटतो का ते पाहावे, आणि अस्तराला नवे मांजरपाट घेतले तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे.

मुलांच्या अंथरुणासाठी, आठवड्याला धुण्यात जाणारी किंवा पक्ष्यांची गोधडी हवी असेल, तर वॉकिंग फूट घ्या आणि मशीनवरच करा. निफाडकडच्या थंडीत पांघरायला आणि त्यावर आपला डोंगर पाहायला हवा असेल, तर मी धावदोराच सुचवीन. कडेचा गोट मात्र दोन्ही प्रकारांत मशीननेच लावावा. तो सरळ असतो, कडेला असतो आणि तेथे काही कोंबावे लागत नाही.