गादीचं झिपवालं डस्ट माइट कव्हर - घ्या, पण उशीचंही घ्या

मुलीला डस्ट माइटची (घरातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) ॲलर्जी, सकाळी उठली की शिंका सुरू, नाक चोळून चोळून लाल, म्हणून हे कव्हर घेतलं. गादी सगळ्या बाजूंनी बंद होते हे महत्त्वाचं, नुसतं वरून घालायचं प्रोटेक्टर पुरत नाही कारण खरा त्रास माइटच्या विष्ठेचा आणि ती गादीच्या आत साठलेली असते. कापड एकदम घट्ट विणीचं, कुरकुर आवाज नाही, झिपवर पट्टी आहे. शिंका बऱ्याच कमी झाल्यात, खूप बरं वाटतं बघून. उशीचं वेगळं घ्यावं लागतं, ते टाळू नका, नाक तिथेच असतं ना रात्रभर! आणि चादरी दर आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यातच धुवा, गार पाण्यात माइट मरत नाहीत. गादीवर चढवताना मात्र दोघं लागतात.