कुंभारगावची होडी आणि चिलापीचं जेवण: पाचपैकी साडेचार

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायचे आणि मासेही खायचे असा बेत असेल, तर भिगवणला हायवेवरच्या 'ताजी मच्छी'च्या पाट्यांना भुलू नका. गाडी आत वळवा, कुंभारगाव गाठा, मच्छीमाराच्या होडीत बसा आणि त्याच्याच घरी जेवा. पैसे वसूल. अर्धा तारा का कापला ते खाली येईलच, पण तो होडीवाल्यामुळे कापलेला नाही.

कोणाच्या घरी, असं विचाराल. नाव देत नाही, कारण त्याची गरज पडत नाही. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर होड्यांचे नंबर लावलेले होते, ज्याचा नंबर त्याची होडी. गिऱ्हाइकाची बाही ओढणं नाही, 'इकडे या ताई'चा कालवा नाही. स्वारगेटला एसटीतून उतरल्या उतरल्या रिक्षावाल्यांच्या गराड्यात सापडणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

पुण्याहून साधारण शंभर किलोमीटर. हडपसर, लोणी काळभोर, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, मग भिगवण. पहाटे चारला निघालात तर उजेड फुटायच्या सुमारास पाण्यावर असाल. उशिरा गेलात तर पक्षी दिसतीलच, पण पाण्यावरून ऊन थेट डोळ्यांत येतं आणि शनिवार-रविवारी किनाऱ्यावर जत्रा भरलेली असते. जानेवारीत कानटोपी न्याच. पाण्यावरच्या वाऱ्यापुढे आपली पुण्याची थंडी काहीच नाही.

होडी फायबरची, मशीन लावलेली, पाच-सहा माणसं ऐसपैस बसतील एवढी. आमच्यात सासूबाई होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे आणि गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे होडीत चढणं हाच माझ्या मते या सेवेचा पहिला पेपर होता. होडीवाला तिशीचा मुलगा. त्याने आधी होडीचं तोंड चिखलात नीट रुतवलं, फळी टाकली, स्वतः गुडघाभर पाण्यात उतरला आणि म्हणाला, "आज्जी, खांद्यावर हात ठिवा. घाई न्हाय करायची, पक्षी कुठं पळून जात न्हाईत." आमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशीही त्यांना कोणी इतकं सांभाळून घेत नाही.

लाइफ जॅकेट सगळ्यांना दिलं. किंचित ओलसर आणि वासाचं होतं, पण दिलं, आणि पट्टे लावल्याशिवाय मशीन चालू केलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. २१ मे २०२४ला याच जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यानची प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपण शहरातले लोक होडी म्हणजे सहल समजतो. इथे ती एसटी आहे. पलीकडे सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका, अलीकडे पुणे जिल्ह्यातला इंदापूर. दवाखाना, बाजार, सोयरीक सगळं पाण्यापार, आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय, तो होईपर्यंत लोकांचा भरवसा होडीवरच. तेव्हा फोटोत जॅकेट वाईट दिसतं म्हणून काढून ठेवणाऱ्या ताई-दादांनो, कृपा करा. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं तर होडीवाला नाही म्हणेल, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

आता पक्षी. चित्रबलाक, राखी बगळे, चमचे, शेकाट्ये, नदीसुरय आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. आमच्या होडीवाल्याला सगळ्यांची नावं मराठीतही पाठ आणि इंग्रजीतही, कारण दुर्बिणवाले इंग्रजीत विचारतात. सगळे बघायला येतात ते अर्थात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ते कधी येणार हे कॅलेंडरवर नाही, धरणावर ठरतं. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाऊस दमदार झाला आणि धरण बरेच दिवस भरलेलं राहिलं की चिखल उघडा पडायला वेळ लागतो आणि रोहित उशिरा उतरतात. म्हणून जाण्याआधी फोन करून "रोहित आलेत का" एवढंच विचारू नका, "पाणी किती उतरलंय" हेही विचारा.

उथळात पोचल्यावर त्याने मशीन बंद केलं आणि लांब बांबूने तळ ढकलत होडी पुढे नेली. मला सगळ्यात आवडलं ते हे. आवाज थांबला तसा थव्याचा गलका ऐकू यायला लागला. एक रोहित बऱ्यापैकी जवळ होता. मान खाली सोडलेली, डोकं पार उलटं करून चोच पाण्यात, आणि पाय मात्र जागच्या जागी थयथय चाललेले. पायांनी गाळ ढवळायचा, उलट्या चोचीने गाळून घ्यायचं. मध्येच मान वर, चोचीतून पाण्याची धार, परत खाली. सासूबाई म्हणाल्या, "ह्याचा जेवण कधी संपता काय नाय?"

आणि तेवढ्यात माझा अर्धा तारा गेला. मागून दुसरी होडी आली, त्यात मोठ्या लेन्सवाले चौघे. त्यांना पंखांचा गुलाबी आणि काळा रंग हवा होता, म्हणजे पक्षी उडायला हवेत. "दादा, अजून जवळ घ्या, अजून थोडं." मशीन चालू, होडी थेट थव्यात, थवा आकाशात. फोटो झकास आला असेल. तो थवा पुन्हा टेकला तो पार पलीकडे, आणि मागे रांगेत असलेल्या सगळ्या होड्यांची सकाळ तिथेच आटोपली. आमचा होडीवाला चिडला, पण बोलला मऊच: "शंभर-दोनशे जास्ती सुटत्यात म्हणून आमचीच पोरं ऐकत्यात. गिऱ्हाइकाला न्हाय म्हणायला जड जातं ओ." तेव्हा अर्धा तारा आपल्याच माणसांचा कापलाय, बोली ऐकून सांगते, पुण्याच्या. होडीत बसतानाच "पक्षी उडवायचे नाहीत" असं सांगून टाका. होडीवाल्याला बरंच वाटतं.

परतताना त्याने मशीन हळू करून पाण्याकडे बोट दाखवलं. "हितं खाली आमची जुनी पांढरी. आजोबांची काळी त्या झाडापल्याड." पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेतजमीन, आणि झाड म्हणजे पाण्यातून वर आलेलं वाळकं खोड. उजनी १९८०मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावठाणं, शेतं पाण्यात गेली. जुन्या पळसदेवच्या देवळाचं शिखर पाणी खूप उतरलं की अजूनही वर येतं. आपण पुण्यात खडकवासला साखळीतली चार धरणं भरली की फटाके वाजवायचे तेवढे बाकी ठेवतो. ती चारही मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. उजनी एकटं सुमारे ११७ टीएमसीचं, आणि त्यातलं ६३ टीएमसीच्या वर तर नुसता मृत साठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्याच्या वर असलं की प्लस, खाली गेलं की मायनस. म्हणून इकडचे लोक धरणाबद्दल थर्मामीटरसारखं प्लस-मायनसमध्ये बोलतात. "औंदा मार्चातच मायनस" म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, तिला गाळपेर म्हणतात. म्हणजे त्याच जागेवर काही महिने मासा, काही महिने पीक.

आता जेवण. आमच्या घरात मासा म्हणजे समुद्राचा. गणेश पेठेच्या बाजारात खोल समुद्राची, खाडीची आणि नदीची मासळी वेगवेगळी मांडलेली असते. नदीच्या टोपल्यांसमोरून सासूबाई पदर नाकाला लावून जातात. मालवणच्या आहेत. "तेका चिखलाचो वास येता," हे त्यांचं कायमचं मत. त्यामुळे जेवणाचा खरा परीक्षक मी नव्हेच.

चिलापी, म्हणजे गोड्या पाण्यातला तिलापिया मासा, डोळ्यांसमोर साफ केली. घरातल्या वहिनींनी विळीवर बसून शेपटीकडून डोक्याकडे खवले उडवले, पोट उघडून आतलं सगळं काढलं आणि मग आतली काळी पातळ साल बोटाने खरवडून खरवडून धुतली. मी विचारलं, एवढं कशाला? "हितंच तर वास आस्तो. ही काढली न्हाय तर मासा खाल्ला न्हाय म्हनायचं, चिखल खाल्ला." दोन्ही अंगांना तिरक्या चिरा, मीठ-हळद, लिंबू, आलं-लसूण आणि घरचं तिखट, मग बिडाच्या तव्यावर, बेताच्या तेलात. शहरातल्यासारखं रव्याचं चिलखत नाही. कड कुरकुरीत आणि आत पांढरं, ओलसर. हाडाजवळचा तुकडा सहज सुटतो. रस्सा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, काळा मसाला घातलेला, चिंचेचा आंबटपणा, वर तर्री. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि फोडलेला कांदा. पैसे जास्त मोजायची तयारी असेल तर मरळ सांगा. काटे कमी, मुलांना देता येते.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मसालो बरो आसा." माशाबद्दल अवाक्षर नाही. पण दुसरी चिलापी मागून घेतली.

उणं सांगायचं तर भात गिचका होता. आणि पुण्याची माणसं मागतात म्हणून सोलकढी ठेवायला लागलेत, ती मागवू नका. गुलाबी पाणी आलं, पाकिटातलं असावं. मालवणच्या बाईसमोर ते ठेवलं गेलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. ताक मागा, घरच्या म्हशीचं मिळतं. गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून जे आणलंय ते तिथे सगळ्यात वाईट आहे, आणि जे ते स्वतः रोज खातात ते सगळ्यात चांगलं.

जेवताना घरातला थोरला मुलगा समोर बसला होता. आधी कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता, आता होडी आणि खानावळ बघतो. हिशेब त्याने सोपा करून सांगितला. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे काढायचं, मासळी भिगवणच्या बाजारात न्यायची. तिथे लिलावात भाव दुसरा ठरवतो, आणि आवक वाढली की त्याच वजनाचे पैसे निम्मे. त्यात हल्ली जाळ्यात सकर मासा येतो. काटेरी, खडबडीत, कुणी विकत घेत नाही आणि जाळं मात्र फाडतो. तीच चिलापी आईच्या तव्यावरून ताटात गेली की भाव घरचा. होडीचे आमच्याकडून हजाराच्या आसपास घेतले, पूर्ण होडीचे, माणशी नव्हे. मला त्यात घासाघीस करावीशी वाटली नाही. हंगाम चारेक महिन्यांचा, बाकी वर्ष जाळंच. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही पूर्वी याहून महाग थाळी खाल्ली होती. मासा कुठला, असं वेटरला विचारलं तर तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "फ्रेश आहे मॅडम."

एक गोष्ट मात्र तिथला कुणीच आपणहून काढत नाही, पाहुण्याला कशाला लाजवा म्हणून. मीच विचारलं की काठाला हा फेस कसला आणि एवढी जलपर्णी कुठून येते. मुलगा हसला. "ताई, तुमच्याकडनंच येतंय की." खरंच आहे. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेत जाते, आणि भीमा दौंडवरून सरळ उजनीत. पिंपरी-चिंचवडची पवनाही दापोडीला मुळेत येऊनच मिळते. म्हणजे सिंहगड रोडवर माझ्या बाथरूममधून जे जातं, त्यातलं शुद्ध न झालेलं सगळं या माणसाच्या जाळ्याखाली येऊन थांबतं. जानेवारीत पाणी भरपूर होतं, वास नव्हता, मासा निर्धास्त खाल्ला. एप्रिल-मेमध्ये पाणी हिरवं पडतं तेव्हा मी फक्त होडीत बसेन, जेवायला थांबणार नाही. हा तारा कुणाचा कापायचा ते मला कळलं नाही, म्हणून कापला नाही. पुणे महापालिकेला तारे द्यायची सोय इथे नाही.

बाकी किरकोळ. स्वच्छतागृह घरातलंच वापरायला देतात, स्वच्छ होतं, पण पहाटे त्यांचीही गडबड असते, तेव्हा वाटेत हायवेवर उरकून घ्या. यूपीआय चालतं, रेंज जाते, म्हणून रोख ठेवा. जेवणाचं आदल्या संध्याकाळी सांगायचं, चिलापी किती आणि मरळ हवी का ते नीट सांगायचं, कारण फ्रीजमधला मासा देत नाहीत. पाण्याची बाटली घरून न्या आणि रिकामी परत आणा. वेळ उरला तर भादलवाडी तलावाकडे जाऊन या, चित्रबलाकांची वीण तिथे बघायला मिळते, फक्त हंगाम विचारून जा. घरी मासे आणायचे असतील तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ बरोबर ठेवा. आम्ही दोन मरळ आणल्या. कालवण सासूबाईंनी केलं, कोकम घालून.